बर्फाच्या पेटीतले बिऱ्हाडकरू

एकदा दह्याचं पातेलं आणि मासळीच्या प्लेटा यांच्यात निवड करायची वेळ आली, तेव्हा मी दह्याची बाजू घेतली. नोकरीत मी चुका पुष्कळ केल्या, पण इतकी मूर्ख चूक दुसरी नाही. ती कशी झाली ते सांगते. फक्त चिवड्याची बशी जरा लांब ठेवा, कारण पुढे वास येणार आहे.

मी शहाद्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. म्हणजे काचेची भांडी धुऊन-उकळून ठेवायची, जंतूंना खाऊ म्हणून जेली शिजवायची, ती चपट्या काचेच्या झाकणात ओतायची. खरवसासारखी थरथरते ती जेली. त्या झाकणाला प्लेट म्हणतात. तिच्यावर दुधाचा, पाण्याचा, काय असेल त्याचा थेंब पसरायचा आणि प्लेट ऊबपेटीत ठेवायची. ऊबपेटी म्हणजे कायम माणसाच्या अंगाइतकं गरम राहणारं कपाट. एक-दोन दिवसांत प्लेटवर ठिपके उठतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूचं गोकुळ. ठिपके मोजायचे आणि सांगायचं, माल चांगला की वाईट. धंदा एवढाच.

तेव्हाची मी म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी, वर पांढरा कोट आणि चेहऱ्यावर असा भाव की जंतूंनी वाढण्याआधी माझी परवानगी घ्यावी. पोरं मला घाबरत. मीसुद्धा आरशात बघून थोडी घाबरत असे.

आणि ह्या एवढ्या शिस्तीच्या बाई हिवाळ्यात काय करत? कळसाडीला, आमच्या सासरी, थंडीत दही लागत नसे. म्हणून मी सकाळी दुधात विरजण घालून पातेलं पिशवीतून कॉलेजात आणत असे आणि ऊबपेटीच्या खालच्या कप्प्यात ठेवत असे. संध्याकाळी कवडी दही घरी. सासूबाई शेजारणींना सांगत, "मन्ही सूनना हातलेच गुण शे." हाताला कसला गुण, विजेच्या पेटीला होता. आज कोणी प्रयोगशाळेत असं केलं तर मी त्याचे कान उपटीन. तेव्हा उपटणारं कोणी नव्हतं. आमचे सर होते, पण ते साधे. पेटीचा खालचा कप्पा त्यांनी कधी वाकून पाहिला नाही.

अशाच एका हिवाळ्यात दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पेटी, पायात प्लास्टिकच्या चपला, गळ्यात चांदीची जाड साखळी.

"पाणी तपासणारा सर कुठे आहे?"

सर एकदा नर्मदाकाठच्या गावांत पाणी तपासायला गेले होते, त्या ओळखीवर ती आली होती. मी म्हटलं, "सर परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेलेत. काय काम आहे?"

"मासा तपासायचा."

"कोणी पाठवलं?"

"कोणी कशाला पाठवेल? मीच आली."

तिचं नाव रुमलीबाई वसावे. मणिबेलीच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी तिचा पाडा. तिथे नावेशिवाय जाता येत नाही. घरात ती भिलीत बोलायची, माझ्याशी बाजारातली मराठी. आणि सगळ्यांना 'तू' म्हणायची. तहसीलदारालाही. मला त्या दिवशी ते फार टोचलं. आता कोणी तसं 'तू' म्हणत नाही म्हणून टोचतं.

तिने पेटी खाली ठेवली आणि सांगितलं ते असं. धरणाचं पाणी चढलं आणि शेतं खाली गेली, तेव्हा पाड्यातल्या लोकांनी जाळी धरली. गट केला, रुमलीबाई त्याची प्रमुख. गुजरातेकडचा एक व्यापारी, रमणभाई शेठ, नावेतून बर्फ आणि पेट्या पाठवतो. हे मासे भरतात. शेठच्या गोदामात मोठी गाडी भरेपर्यंत पेट्या काही दिवस थांबतात, मग पुढे जातात. आता काही खेपांपासून पेट्या गोदामातच घाण मारायला लागल्या होत्या आणि परत येत होत्या.

"शेठ म्हणतो, तुम्ही शिळा मासा ताज्याच्या खाली दडवता. मी म्हणते, अंधारात काढला, उजाडता पेटीत घातला. तो म्हणतो खोटं. असंच चाललं तर बर्फ बंद."

"बर्फ बंद म्हणजे?"

रुमलीबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं, पाणी ओलं असतं का.

"बर्फ बंद म्हणजे गुजरात. उसाच्या तोडीला. माझ्या भावाची पोरं आता कुठे शाळेत बसायला लागली."

मग तिने पेटीचं झाकण काढलं.

आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मासा मी तोवर पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता, तोही कापलेला आणि बाण काढून नावं लिहिलेला. तो वास माझ्या नाकात शिरला आणि मी कपाटाकडे पळाले. सर्दीसाठी व्हिक्सची डबी ठेवलेली असे. दोन्ही नाकपुड्यांखाली लेप दिला, पदर बांधला, मग परत आले. रुमलीबाई शांतपणे बघत होती.

"तू वास नाही घेणार?"

"वासाची गरज नसते," मी म्हटलं. "आमच्याकडे यंत्र आहे."

यंत्र! ज्यात माझं दही लागत होतं, ते यंत्र. मासळी तपासणाऱ्या माणसाचं पहिलं हत्यार नाक. दुसरं बोट. कल्ले उघडून लाल आहेत की करडे ते बघायचं, अंग दाबून खड्डा भरून येतो का ते बघायचं, आणि वास घ्यायचा. प्लेटा त्यानंतर. हे मी पाठ केलेलं होतं. पण पाठ केलेलं आणि व्हिक्स एका नाकात राहत नाहीत.

चिमट्याने मी तुकडे घेतले, प्लेटा केल्या आणि ऊबपेटी उघडली. खालच्या कप्प्यात पातेलं. आता मासळीच्या प्लेटा आणि सासूबाईंचं दही एका कपाटात? वरचा कप्पा कसाबसा चालला असता. पण पातेल्याशेजारच्या प्लेटा? मला कळसाडीचं अख्खं देवघर डोळ्यांपुढे दिसलं. मी अर्ध्या प्लेटा वरच्या कप्प्यात ठेवल्या. उरलेल्या अर्ध्या उचलून फ्रिजमध्ये ठेवल्या. उद्या पातेलं नसेल तेव्हा हलवू म्हटलं.

आणि विसरले.

वरच्या कप्प्यातल्या प्लेटांवर दोन दिवसांनी थोडेसे ठिपके आले. अगदी मर्यादेत. सर अजून यायचे होते, पण विभागाचा शिक्का माझ्या खणात होता आणि शिक्का मारायची हौस माझ्या हातात. रुमलीबाई आली तेव्हा मी तिला ऐटीत कागद दिला : मासळी समाधानकारक. ती खूश झाली. मी त्याहून खूश झाले. त्या दिवशी घरी गेले तर सासूबाईंनी ओट्यावरूनच थांबवलं. "आंग धोई ये पहिले. मंग घरमा पाय ठेव." थंडीत बादलीभर पाणी अंगावर ओतून घेताना मला वाटलं, आपण केवढं समाजकार्य केलं.

पुढे आठवडा उलटून गेला. आमचा शिपाई भिकनभाऊ रोज आपली पाण्याची बाटली त्याच फ्रिजमध्ये ठेवायचा. (हेही चूकच. पण दही ठेवणारीने बाटलीवाल्याला काय बोलायचं?) एका सकाळी त्याने हाक मारली.

"ओ बाई, फ्रिजमा काय ठेयेल शे तुमनं? बठ्ठं हिरवं व्हई गये!"

मी गेले. त्या विसरलेल्या प्लेटा. वर ठिपके नव्हतेच, अख्खा चिकट थर होता, चकाकणारा, हिरवट झाक मारणारा. झाकण उचललं तर कुजक्या पपईसारखा गोडसर घाण वास.

"फ्रिज बंद पडला होता का रे?"

"नही."

"वीज गेली असेल. नाहीतर तू दार उघडं टाकलं असशील."

भिकनभाऊ माझ्यापेक्षा वयाने मोठा. तो दुखावला. "मी दार उघडं टाकसू? बाई, तुमनं दही आठे रोज ऱ्हास. मी कधी बोट तरी घालं का?" मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हीच दही ऊबमा ठेवतस नि मासा थंडमा. आते कोन वाढनं तठे, त्यालेच इचारा."

फ्रिजमधला तापमापक पाहिला. पारा तीन-चारच्या आसपास. फ्रिज ठणठणीत होता. थंडीत जंतू वाढत नाहीत, म्हणून तर जग फ्रिज विकत घेतं. म्हणजे प्लेटाच आधीपासून खराब असणार. मी त्या गोळा करून फिनेलच्या बादलीकडे निघाले आणि दारात सर. बाहेरगावाहून नुकतेच आलेले, हातात पिशवी तशीच.

"थांबा, थांबा. कुठल्या आहेत ह्या?"

मी सांगितलं. त्यांनी एक प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. "आणि ऊबेतल्या?"

"जवळजवळ स्वच्छ, सर."

"ह्या फ्रिजमध्ये का ठेवल्या होत्या?"

आता आलं का. मी पातेल्याचं सांगून टाकलं. सर स्टुलावर बसले. हातातली पिशवी खाली ठेवली. मग विचारलं, "दही लागलं होतं का?"

"छान लागलं होतं, सर."

"बरं. निदान एक प्रयोग तरी यशस्वी झाला."

त्या दिवशी सरांनी मला जे समजावलं, ते मी पुढे कित्येक वर्षं पोरांना समजावत आले. तुम्हालाही सांगते.

जंतूंचे कुळाचार तापमानावरून ठरतात. स्थळ बघताना आपण विचारतो ना, मुलगी कुठे रमेल, कुठे निभावून नेईल आणि कुठे अजिबात टिकणार नाही? तसेच तीन प्रश्न जंतूला विचारायचे. कमीत कमी किती थंडीत वाढतोस, सगळ्यात जोमाने कधी वाढतोस, आणि कुठल्या उष्णतेला संपतोस? उत्तरांवरून त्याची रांग ठरते. एक उष्णताप्रेमी, आमच्या उनपदेवच्या गरम झऱ्यासारख्या ठिकाणी सुखाने राहणारे. दुसरे मध्यमतापी, माणसाच्या अंगाच्या उबेला किंवा त्याच्या थोडं इकडेतिकडे खूश असणारे. पोटातले, जखमेतले बरेचसे हेच. माझी ऊबपेटी ह्यांच्यासाठी.

मग थंडीवाले. इथेच माझ्यासारख्यांचा गोंधळ होतो, कारण त्यांच्यात दोन घराणी आहेत. पहिले खरे शीतप्रेमी, सायक्रोफाइल. ते पंधरा अंशांच्या खालीच खुलतात आणि वीसच्या वर त्यांचं आटोपतं. बारमाही बर्फात, खोल समुद्राच्या गार पाण्यात त्यांची वस्ती. आपल्या जिल्ह्यात एखादा चुकून उतरला तर दुपारच्या चहापर्यंत टिकायचा नाही. दुसरे शीतसहिष्णू. हे थंडीवर प्रेमबिम करत नाहीत. ह्यांना मनापासून आवडते ती साधी पंचवीस-तीस अंशांची हवा. पण बर्फाच्या जवळ ठेवा, हे तिथेही वाढतात. सावकाश, न कुरकुरता, दिवस घेत. पूर्वी पुस्तकांत ह्यांना ऐच्छिक शीतप्रेमी म्हणत. सरांना ते नाव अगदी नापसंत. "प्रेम कधी ऐच्छिक असतं का हो? सहन करतात म्हणा, सरळ." तुमच्या-आमच्या फ्रिजमध्ये भाजी बुळबुळीत करतात ते हे. आणि ह्यांच्यातले पुष्कळसे अंगाच्या उबेला नीट वाढत नाहीत. म्हणून माझ्या ऊबपेटीत ते दिसलेच नाहीत.

हे कळल्यावर माझ्या अंगात जे वारं शिरलं, तेही सांगून टाकते. एका जानेवारीत काठी गावाच्या वरच्या डोंगरात गवतावरचं दव गोठलं. तिकडच्या एका विद्यार्थिनीकडून मी ते थर्मासमधून मागवलं. खरा शीतप्रेमी मीच शोधणार! आणि घाईत, दुधाच्या तपासणीत कधी कधी करतो तसं, त्या दवावर पातळ केलेली गरम जेली ओतली. असलाच कोणी बिचारा, तर माझ्या हातून भाजून मेला. थंडीवाल्यांसाठी जेली आधी ओतून गार करतात, मग वर नमुना पसरतात. सर एवढंच म्हणाले, "पाहुण्याला बोलावून चुलीवर बसवलंत." असो. मी भरकटले. रुमलीबाई वाट बघत्येय.

हिरव्या प्लेटा सापडल्या त्याच दिवशी दुपारी ती आली. ह्या वेळी डोक्यावर पेटी नव्हती. माझा कागद तिने घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला होता. तो काढून टेबलावर ठेवला.

"हा तू घे."

शेठकडे काय झालं, ते तिने सांगितलं. शेठने कागद वाचला, गोदामातल्या हमालांना बोलावलं, पेटी उघडली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पेपर तो चोख्खो छे, बेन, पण माछली गंधाय छे." सगळे हसले. आधी नुसता शिळा मासा विकणारी होती, आता खोटा कागद आणणारीही झाली.

"शेठ म्हणतो, एक खेप अजून. ती खराब निघाली तर बर्फ बंद. भाऊ थांबला नाही. टोळीवाला आला होता, त्याच्या गाडीत बसून गेला. बायको-पोरं घेऊन."

मी हिरव्या प्लेटांकडे बघत राहिले. भिकनभाऊने चहा आणला आणि पहिला कप तिच्यापुढे ठेवला.

सरांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं. म्हणाले, "बाई, तुझा मासा ताजा असणार. नर्मदेचं पाणी कोमट. त्या पाण्यातल्या माशाच्या अंगावर जंतू असतात तेही कोमट हवेचे. बर्फात गेले की गारठून बसतात. म्हणून आपल्याकडचा मासा बर्फात खरं तर जास्त टिकायला हवा. तो लवकर नासतोय, म्हणजे थंडी सोसणारं कोणीतरी बाहेरून पेटीत येतंय. कुठून येतंय, ते बघायला ह्या जातील."

ह्या म्हणजे मी. सरांचे गुडघे नावेत चढण्याजोगे नव्हते.

मोलगीच्या पुढे जीप जिथे संपते तिथून उतरण, आणि खाली नाव. मी आयुष्यात पहिल्यांदा नावेत बसले आणि फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. मध्येच रुमलीबाईने खाली बोट दाखवलं. "इथे माझं शेत आहे." आहे म्हणाली ती, होतं नाही. "ज्वारी चांगली यायची." मी पाण्यात पाहिलं. मला माझा चेहराच दिसला, घाबरलेला.

काठावर शेठच्या पेट्या होत्या. बाहेरून लाकूड, आतून थर्माकोल. व्हिक्सची डबी माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स उघडली, आणि रुमलीबाई बघत्येय हे बघून बंद केली. वाकून पेटीच्या कोपऱ्यात नाक घातलं.

कुजकी पपई. तीच, फ्रिजमधल्या प्लेटांची.

थर्माकोलच्या चिरांमध्ये बोट फिरवलं तर बुळबुळीत. ह्या पेट्या शेठकडे कधी धुतल्याच जात नव्हत्या. रिकाम्या केल्या, पुन्हा भरल्या. चिरांमध्ये थंडी सोसणाऱ्यांनी केव्हाच बिऱ्हाड थाटलेलं.

तेवढ्यात रुमलीबाईची थोरली वहिनी, मागे राहिलेल्या मोठ्या भावाची बायको आणि गटातलीच, भाताच्या भुशातून बर्फाचे तुकडे उकरून आणायला लागली. मी विचारलं, हा कुठला?

"परत आलेल्या पेटीतला," रुमलीबाई म्हणाली. "उरतो तो ठेवतो. खाली जुना घालायचा, वर नवा. बर्फ काय फेकून द्यायचा? इतक्या लांबून येतो."

मी तिथेच दगडावर बसले. जुन्यातलं थोडं तळाशी ठेवायचं आणि वर नवं ओतायचं. हे तर मी रोज करत होते, पातेल्यात! ह्या बायका प्रत्येक खेपेला बर्फाला विरजण लावत होत्या.

आता हे तिला सांगायचं कसं? शेठची पेटी घाण हे सांगणं सोपं होतं. पण तिची काटकसरही त्यात आहे, हे? ज्या पाड्यात गारेगारवालासुद्धा येत नाही, तिथे बर्फ फेका म्हणायचं? मी दह्याचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, "दही कोण लावतं आमच्यात? दूध वासराचं." मग स्वतःच विचारात पडली. वहिनीकडे बघून भिलीत काहीतरी म्हणाली. वहिनी पदर तोंडाला लावून हसली.

"मोहाचं मडकं आम्ही धूत नाही," रुमलीबाई मला म्हणाली. "न धुतलं की दारू लवकर आंबते. तसंच ना?"

"तसंच. अगदी तसंच."

तिने त्या बर्फावरचा भुसा झटकला. मग तुकडे उचलले आणि एकेक करून पाण्यात टाकले. वहिनीची पोरगी एका तुकड्यासाठी रडायला लागली. तिला दिला नाही, आणि त्याबद्दल बोलणीही मीच खाल्ली.

पेटी उकळत्या पाण्याने घासली, ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने धुतली, उन्हात कोरडी केली. इथे आमचं भांडण झालं. मला एक पेटी जुन्याच पद्धतीची हवी होती, न धुतलेली, तळाशी जुना बर्फ घातलेली. तेवढ्यासाठी दोन तुकडे भुशात उरले होते.

"शेवटची खेप आहे," रुमलीबाई म्हणाली. "तू त्यात मुद्दाम खराब पेटी घालतेस?"

"दोन्ही चांगल्या निघाल्या तर शेठ म्हणेल, आज नशीब चांगलं होतं. पुढच्या वेळी पुन्हा तुमच्यावरच येईल. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही."

"आणि त्याने खराब आधी उघडली तर? वास आला की तो दुसरी बघणारच नाही. गाडीत बसून जाईल."

प्रयोगशाळेत प्लेट चुकली तर प्लेट जाते. इथे पाडा जाणार होता. शेवटी तीच म्हणाली, "कर. पण छोटी पेटी. आणि उघडणार मी. तू नाही, शेठ नाही."

गोदामात गाडी भरायच्या दिवशी मी आणि ती दोघी हजर. रमणभाई शेठ पोटापाशी हात बांधून उभे. तेच हमाल, तीच जागा. रुमलीबाईने छोटी पेटी ओढली आणि कोणी काही म्हणायच्या आत झाकण काढलं. भपकारा आला. हमालांपैकी एक जण हसायला लागला. शेठ वळले.

"थांब!" तिने शेठचा सदराच धरला. "हा तुझ्या पेटीतला मासा. आता मी धुतलेल्या पेटीतला बघ. एकाच जाळ्यातले आहेत."

आणि दुसरी उघडली.

शेठ धंद्यातले. त्यांनी कल्ला उचलला, लाल. अंग दाबलं, खड्डा भरून आला. वास घेतला. पुन्हा छोट्या पेटीपाशी गेले, पुन्हा मोठ्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, तमे कहो." मला वाटतं, त्यांना माझी गंमत करायची होती. मी पुढे झाले, नाकावर धरलेला पदर सोडला आणि त्या माशाला नाक लावलं. ओल्या दगडासारखा, पहाटेच्या नदीसारखा काहीतरी वास होता. मी इतकी वर्षं जिला घाण म्हणत होते, ती माशाची नव्हतीच.

"ताजा आहे," मी म्हटलं.

शेठनी छोट्या पेटीच्या चिरेत नखाने उकरलं, नख पाहिलं. "पेटी मारी छे, ए वात साची." पेटी माझी, हे खरं. एवढंच बोलले. माफीबिफी काही नाही. पण त्या दिवसापासून गोदामात पेट्या धुऊन उन्हात पालथ्या पडायला लागल्या, आणि बर्फ बंद झाला नाही.

रुमलीबाईचा भाऊ मात्र त्या हंगामात परत आला नाही. टोळीची आगाऊ उचल घेतलेला माणूस मध्येच कसा परतेल? त्याची पोरं त्या वर्षी शाळेत नव्हती. माझ्या एका शिक्क्याआधी ती होती. हे मी पोरांना तीन प्रश्न शिकवताना सांगत नसे. आज इथे लिहिते आहे.

आता निवृत्त होऊनही पुष्कळ झालं. सुनेच्या फ्रिजमध्ये रोज नाक घालते, ती वैतागते. "आई, फ्रिजमध्ये आहे ना, मग?" तिच्या त्या 'मग?'मध्ये मला तेव्हाची मी ऐकू येते, पांढरा कोट घातलेली. दही मात्र मी त्या हिवाळ्यानंतर ऊबपेटीत लावलं नाही. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "सूनना हातना गुण ग्या."

त्याच वर्षी उन्हाळा लागताना रुमलीबाई पुन्हा कॉलेजात आली. सागाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी तिने माझ्या टेबलावर ठेवलं, नेमकं जिथे तो कागद ठेवला होता तिथे. पान उघडलं तर मासा, कल्ले लालभडक. भिकनभाऊचे डोळे चमकले. मी हात जोडले. म्हटलं, अगं, तुला माहीत आहे ना, मी खात नाही, घरात नेला तर सासूबाई मलाच बाहेर ठेवतील.

ती म्हणाली, "खायला कोण सांगतं तुला? खाईल तो भिकन. तू वास घे. ताजा कसा असतो ते नाकात ठेव. पुढच्या वेळी कोणी आला तर आधी नाक दे त्याला, कागद नंतर."